चारपैकी

यंत्रणा म्हणते, मी आंबिल ओढ्यात आहे.
नकाशावर निळा ठिपका, पाण्याच्या अगदी मधोमध,
आणि खाली लाल अक्षरांत:
आपण शाळेच्या आवारात नाही.
निरीक्षण सुरू करता येणार नाही.

मी तर मागच्या बाकावर आहे,
गुडघे हनुवटीला टेकतील इतक्या बुटक्या.
दांडेकर पुलाकडून पीएमपी वळते
तेव्हा खिडकीची एकच काच थरथरते,
तीसुद्धा मला ऐकू येते.
तरी टॅब घेऊन जिना उतरते,
फाटकाबाहेर, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरशेजारी उभी राहते.
यंत्रणेच्या मते शाळा तिथे आहे.
ठिपका हिरवा होतो.
"मागल्या वेळचे साहेबपण इथंच उभे होते,"
पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवत म्हणतो.

वर पोचेस्तोवर तास निम्मा झालेला.
वैजयंता खिलारे, सेवा एकोणतीस वर्षे.
टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर एक पाव,
सुरी म्हणून स्टीलची पट्टी.
"ह्या पावाचा पाव कोण काढेल?"
पोरं खिदळतात. पावाचा पाव! पावाचा पाव!

अध्ययन निष्पत्ती सांगितली का: होय, नाही.
फलकलेखन. वेळेचं नियोजन.
विद्यार्थ्यांचा सहभाग, एक ते चार.
मी बोटानं पान वर सरकवतेय,
आणि तेवढ्यात यल्लप्पा उठतो.

जूनपासून यानं हजेरीलाही नुसता हात वर केलाय.
बाप बिबवेवाडीत कुठल्याशा इमारतीवर सळया वाकवतो,
घरात कन्नड.
तो पट्टी घेतो, कापत नाही,
पावावर हलकी खूण दाबतो फक्त.
म्हणतो, कालु.
बाई थांबतात.
आणि इथं?
अर्ध.
आणि इथपर्यंत?
मुक्कालु.

बाई खडू घेतात.
पाव, अर्धा, पाऊण,
आणि समोर त्याचे तीन शब्द, तो सांगेल तसे.
मुक्कालुत क एक की दोन, तेही त्यालाच विचारून.
मग चाळीस पोरं एका दमात: मुक्कालु!
काच थरथरली.
बस नव्हती तेव्हा.

ह्याला रकाना नाही.
'इतर नोंदी' आहे, दीडशे अक्षरांपुरती.
मी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं,
पडद्यावर आलं: सत्र समाप्त. पुन्हा लॉगिन करा.
परत जिना. परत फाटक.

निघताना बाईंनी तीन तुकडे पोरांत वाटले,
चिमटी चिमटी, प्रसादासारखे.
चौथा माझ्या हातावर ठेवला,
"पाहुण्यांचा" म्हणाल्या.
तो मी कॉम्प्रेसरच्या घरघरीत उभ्यानं खाल्ला,
दुसऱ्या हातानं गुण भरत.

चार द्यायला गेले तर एक चौकट उघडली:
पुरावा जोडा. चित्रफीत, दोन एमबीच्या आत.
माझ्याकडे चित्रफीत नव्हती.
मी बघत होते.
मागे जाऊन तीनवर बोट ठेवलं.
चौकट मिटली, फार समजूतदारपणे.
जमा करा. जमा झाले. धन्यवाद.

रात्री साडेनऊला फोन वाजला.
मी सारवासारव जुळवूनच ठेवली होती,
एमबीची, नेटवर्कची, वरून आलेल्या सूचनांची.
मेसेजमध्ये एकच शब्द होता:
मुक्कालु.
पुढे हसरा चेहरा नाही, पूर्णविरामही नाही.
रागानं लिहिलाय की गमतीनं
ते पडद्यावर कळत नाही.
मी तो कितीदा तरी उघडून पाहिला.

उत्तर अजून दिलेलं नाही.
चौथा भाग कुठं गेला
हे त्यांना ठाऊकच आहे.